वरची खुर्ची रिकामी होणार आहे का? नोकरीत वाट बघताना या चुका टाळा

"यंदा बजेट नाही, पण पुढच्या वर्षी तुझं नाव सगळ्यात वर आहे." हे वाक्य मी एकाच नोकरीत लागोपाठ चार अप्रेझलमध्ये ऐकलं. साहेब खोटं बोलत नव्हते. मी वर जावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. फक्त द्यायला त्यांच्या हातात जागाच नव्हती, आणि ही साधी गोष्ट मी चार वर्षं तपासून पाहिली नाही. रेटिंग चांगलं होतं, टीममध्ये मान होता, दरवर्षी थोडी पगारवाढ होत होती. एवढ्यावरून आपलं बरं चाललंय असं मी धरून चालले. पुढे अनेकांशी बोलताना लक्षात आलं, की हुशार, कष्टाळू माणसंच या चुका जास्त करतात.

खुर्च्या न मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि सुधारायला सगळ्यात सोपी. एक कागद घ्या. तुमच्या लगेच वरच्या पदावर किती माणसं आहेत? त्या पदासाठी तुमच्यासारखे किती जण रांगेत आहेत? ती जागा साधारण किती वर्षांनी रिकामी होते? समजा टीम लीड एक आहे, हाताखाली आठ जण आहेत आणि जागा सरासरी पाच वर्षांनी सुटते. दर वेळी या आठांतलाच एक जण वर गेला, तरी आठव्याचा नंबर लागायला ४० वर्षं लागतील. तुम्ही रांगेत दुसरे असलात तरी दहा वर्षं सहज जातील. यात कुणाचा दुष्टपणा नाही. वर निमुळत्या होत जाणाऱ्या रचनेचा हा हिशेब आहे.

कंपनी वाढत असेल तर हा हिशेब बदलतो, कारण नव्या टीम तयार होतात आणि त्यांना नवे लीड लागतात. म्हणून दुसरा प्रश्न विचारा: गेल्या तीन वर्षांत आपल्या विभागात माणसं वाढली की कमी झाली? आख्ख्या कंपनीच्या बातम्यांवर जाऊ नका, आपला विभाग बघा. कंपनी जोरात असताना एखादा विभाग हळूहळू आवरता घेतला जातो, असं बरेचदा घडतं.

मग थोडं मागे जाऊन बघा. त्या पदावर बसलेले शेवटचे तिघे कुठून आले? तिघांनाही बाहेरून आणलं असेल, तर चौथ्या वेळी आतला माणूस का घेतील, याचं ठोस कारण तुमच्याकडे हवं. तिघेही एकाच प्रकारची पदवी असलेले किंवा मालकांच्या घरातले असतील, तर तिथे एक न लिहिलेली अट आहे. आणखी एक तपासणी मला फार उपयोगी पडली. तुमच्या आधी तुमचं काम करणारी माणसं आज कुठे आहेत, ते लिंक्डइनवर शोधा. ती तिथेच वर गेली, की बाहेर पडल्यावरच त्यांचा हुद्दा वाढला? माझ्या बाबतीत पाचही जण बाहेर पडून वाढले होते. ही माहिती शोधायला मला अर्धा तास लागला.

कौतुकाला बढतीची खूण समजणं

"तुझ्याशिवाय पान हलत नाही" हे ऐकून बरं वाटतं. पण ज्या माणसाशिवाय पान हलत नाही, त्याला त्या जागेवरून हलवणं साहेबांना परवडत नाही. तुम्ही रजेवर गेलात की तुमचं काम कोण बघतं? कुणीच नसेल, सगळं साचून तुमचीच वाट बघत असेल, तर जागा सुटली तरी तुम्ही अडकणार. मदतीला माणूस मागा, त्याला काम शिकवा, पद्धत लिहून ठेवा. माणूस मागितल्यावर काय होतं याकडेही लक्ष ठेवा. तुम्हाला वर न्यायचं ठरवलेलं असेल, तर ही मागणी सहसा फेटाळली जात नाही.

पद आणि काम यांत गल्लत करणं

ज्युडिथ बार्डविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८६ साली करिअर खुंटण्याचे प्रकार वेगळे करून मांडले. त्यातले दोन इथे कामाचे आहेत: वर जागाच उरत नाही तो एक, आणि हातातल्या कामात नवं काही उरत नाही तो दुसरा. दोन्हींचा त्रास सारखाच जाणवतो, पण उपाय वेगळे आहेत. जागा नाही, पण रोज नवं शिकायला मिळतंय, अशा ठिकाणी आणखी दोन वर्षं काढणं शहाणपणाचं असू शकतं, कारण ते शिक्षण पुढच्या नोकरीत सोबत येतं. जागा आहे पण काम पाठ झालंय, तर त्याच कंपनीत आडवी उडी, म्हणजे दुसऱ्या विभागात बदली, मागून बघा. दोन्ही संपलं असेल, तर थांबण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

वर जाणं म्हणजे मॅनेजर होणं, हे गृहीत धरणंही याच गल्लतीत मोडतं. आयबीएमने १९६२ मध्येच 'आयबीएम फेलो' हा हुद्दा सुरू केला, तो तांत्रिक कामात सर्वोच्च उंची गाठलेल्यांसाठी. तज्ज्ञांसाठी अशी वेगळी शिडी तुमच्याकडे आहे का, हे एचआरला विचारा. ती कागदावर असेल, तर तिच्यावरून आजवर कोण चढलं, हेही विचारा.

पगारवाढीला प्रगती म्हणणं

पगार दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढला आणि महागाई ६ टक्क्यांनी, तर पाच वर्षांनी १०० चा पगार सुमारे १२७.६ होतो आणि १०० ची खरेदी सुमारे १३३.८ ला पडते. आकडा वाढला, पण त्यात येणाऱ्या वस्तू कमी झाल्या. तुमच्या पदाच्या पगारश्रेणीची वरची मर्यादा किती, हेही एचआरला विचारा. तुम्ही तिच्या अगदी जवळ असाल, तर पद बदलल्याशिवाय मोठी वाढ अवघडच.

मोघम विचारणं

"माझं प्रमोशन कधी?" या प्रश्नाला "बघू" हेच उत्तर मिळतं. मी चार वर्षं हेच विचारत होते. असं विचारा: "त्या पदासाठी माझ्यात नेमकं काय कमी आहे? ते मी सहा महिन्यांत करून दाखवलं, तर निर्णय कोण घेणार आणि कधी?" मग त्याच दिवशी साध्या शब्दांत मेल टाका, की आपलं असं बोलणं झालं. मेलला उत्तर आलं, त्यात एखादी दुरुस्ती असली, तरी ते चांगलं लक्षण. उत्तर आलंच नाही, किंवा ठरलेलं पूर्ण केल्यावर नवीच अट पुढे आली, तर एकदा समजून घ्या. दुसऱ्यांदा तेच झालं, की ते उत्तरच समजा.

एका वाईट वर्षावरून निकाल लावणं

उलट बाजूची चूकही तितकीच खरी आहे. भरती थांबलेली असणं, नुकताच साहेब बदललेला असणं, आपल्याला रुजू होऊन वर्षच झालेलं असणं, यावरून वाट बंद आहे असं ठरत नाही. कित्येकांनी तर आपल्याला वर जायचंय हे कुणाला सांगितलेलंच नसतं. आधी सांगा, मग मोजा.

चिडून शोध सुरू करणं

बढती हुकली त्या रात्री रेझ्युमे पाठवू नका. शोध आधीपासून संथपणे चालू ठेवा आणि फक्त जवळच्या मित्रांना विचारून थांबू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळवलेल्या बहुतेकांना ती माहिती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलंच ठाऊक असतं. जुन्या सहकाऱ्याला फोन करायला संकोच वाटतो, तरी करा.

आणि काउंटर ऑफर, म्हणजे राजीनामा दिल्यावर थांबवण्यासाठी दिलेला नवा प्रस्ताव, आली, तर घाईने हो म्हणू नका. मी राजीनामा दिल्यावर आठवडाभरात माझ्यासाठी नवं पद तयार झालं. मी दोनच गोष्टी विचारल्या: या पदाचं काम काय, आणि निर्णय कुठले माझे असतील? काम तेच होतं, निर्णय आधीसारखेच साहेबांचे. नोटीस पिरियडचे दोन महिने मी माझं काम दोन सहकाऱ्यांना शिकवलं. ते शिकवायला मी चार वर्षांपूर्वीच घ्यायला हवं होतं.