जुन्या कागदांवरच्या वेळेला सरसकट आयएसटी लावू नका

घरातले जन्मदाखले, तारा, जुन्या डायऱ्या एक्सेलमधे भरताना बरेच जण वेळेच्या पुढे डोळे झाकून आयएसटी लिहितात आणि तिथेच सगळा घोळ होतो. आयएसटी म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे, +५:३०, आणि ती सुरूच झाली १ जानेवारी १९०६ ला. त्याआधी रेल्वे आणि तारखातं मद्रास टाइमवर चालायचं (साधारण +५:२१), मुंबई शहराचा स्वतःचा बॉम्बे टाइम होता +४:५१, म्हणजे आयएसटीच्या ३९ मिनिटं मागे, आणि १९०६ नंतरही तो शहरात कित्येक वर्षं वापरात होता. त्यामुळे मुंबईचा कागद असेल तर आधी बघा की तो रेल्वेचा आहे, म्युनिसिपालिटीचा आहे की घरगुती.

मी सांगेन की तीन कॉलम ठेवाच. कागदावर जशी आहे तशी वेळ, त्यात अजिबात हात घालायचा नाही. मग ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, आकड्यात. मग त्या वेळेचं नाव. हिशोब कायम ऑफसेटवरून करायचा, नाव फक्त वाचणाऱ्यासाठी. आणि नावांची यादी सुरुवातीलाच ठरवून टाका, एकदा बीएमटी (बॉम्बे मीन टाइम) एकदा बॉम्बे टाइम असं नको. खरं तर बीएमटी टाळाच, टाइमझोन डेटाबेसमधे (कॉम्प्युटर जगभरच्या वेळा जिथून घेतात ती यादी) ते बँकॉक, बोगोटा वगैरेंसाठी आहे, सरळ बॉम्बे टाइम लिहा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ घड्याळं तासभर पुढे होती, +६:३०, आणि त्याआधी १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ सुद्धा. म्हणजे आजीचा जन्म १८ ऑगस्ट १९४३ ला सकाळी ६:१० चा असेल तर आयएसटीने तो ५:१० होतो आणि यूटीसीत तर तारीखच बदलते, १७ ऑगस्ट रात्री ११:४०. पत्रिका करणाऱ्याला हे सांगितलं नाही तर लग्नरास चुकू शकते. या काळासाठी डेटाबेसने नाव न देता नुसतं +०६३० ठेवलंय, तुम्हीही तेच ठेवा, मनाने नवीन शॉर्टफॉर्म बनवू नका.

आणि डेटाबेसमधल्या भारताच्या नोंदीवर, म्हणजे एशिया/कोलकाता झोनवर, पूर्ण भरवसा नको, १९०६ च्या आधीच्या काही दशकांसाठी तो मद्रास टाइम देतो, मुंबईच्या घड्याळासाठी ते अर्धा तास चुकतं, तिथे +०४:५१ हातानेच टाका. ऑफसेट कळतच नसेल तर तो कॉलम रिकामा सोडा, अंदाजाने आयएसटी भरलेलं नंतर कोणालाच ओळखता येत नाही.