वारा चालेल, धुकं नको : खराब हवेत पारवे आणि कावळे टिपताना

आधीच सांगून टाकतो, हे सगळं इंग्लंडमधलं आहे. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. गावी ज्वारीवर पारव्यांचे थवे उतरले तरी तिथे यातलं काहीही करायचं नाही. मी राहतो लिंकनशायरमध्ये. इथला वुडपिजन आपल्या पारव्याहून चांगला थोराड, मानेवर पांढरा पट्टा; पुढे ‘पारवा’ म्हटलं की तो हाच. हिवाळ्यात तो मोहरीच्या कुळातल्या ऑइलसीड रेपची पानं अशी खुडतो की वाफ्यात नुसते देठ उरतात. म्हणून शेतकरी बंदूकवाल्याला बोलावतो.

कागदपत्रं म्हणाल तर पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट, जमीनमालकाची परवानगी, आणि पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी असलेलं जीएल 42 हे सर्वसाधारण लायसन्स. ते आपल्या नावावर काढावं लागत नाही, पण त्यातल्या अटी पाळाव्या लागतात, तेव्हा दर वर्षी नवा मजकूर वाचा. बुजगावणं, गॅसची तोफ असे उपाय आधी करून बघायला हवेत. ‘सहज हौस म्हणून’ हे कारण त्यात बसत नाही.

आता हवा. लोक स्वच्छ उन्हाचा रविवार निवडतात आणि रिकाम्या हाताने परततात. वारा पडलेला असला की पक्षी उंचावरून जातात, बाराचा आवाज मैलभर पोचतो आणि अख्खं शेत ओस पडतं. वारा सुटला की तेच पक्षी झाडोऱ्याच्या कडेकडेने खालून येतात आणि वाऱ्याच्या आडोशाला चरायला उतरतात. म्हणून आदल्या दिवशी गाडीतून, दुर्बीण घेऊन, नुसतं बघा: कुठून येतात, कुठे बसतात. बंदूक घरीच ठेवा.

लपण झाडोऱ्याला टेकून, वारा पाठीशी घेऊन बांधायचं. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उतरतो, म्हणजे तो समोरून तुमच्याकडेच येतो. डिकॉय, म्हणजे पक्ष्यांना भुलवायला ठेवायचे खोटे पारवे, पंचवीसेक पावलांवर मांडा, साधारण घोड्याच्या नालेच्या आकारात, मधे उतरायला मोकळी जागा ठेवून. तोंडं वाऱ्याकडे, पण कवायतीला उभे केल्यासारखी सगळी एका दिशेला नकोत. मेलेला पक्षी वापरत असाल तर हे आणखी काटेकोरपणे पाळा. पिसं उलटी फुगली की वरून येणारा पारवा लांबूनच वळतो. वादळी वाऱ्यात डिकॉय गोल फिरवणारं यंत्र लावू नका. त्याचे हात वेडेवाकडे हेलकावतात आणि पक्षी बुजतात.

पाऊस पडत असताना पारवे झाडावर अंग फुगवून बसून राहतात. तुम्हीही गाडीत बसा, चहा प्या. खरा मोका सर थांबल्यानंतरचा. भुकेले पक्षी तेव्हा एकामागून एक उतरतात. मात्र तेवढ्यात प्लॅस्टिकच्या डिकॉयवर थेंब चकाकत असतात, ते फडक्याने पुसा. मी मखमली लेपाचे वापरतो, त्यांच्यावर चमक कमी येते. जुलै-ऑगस्टमध्ये वादळी पावसाने गहू-बार्ली आडवी झाली की त्या लोळलेल्या तुकड्यावर नजर ठेवा. उभ्या पिकात वुडपिजनला उतरता येत नाही, लोळलेल्यात येतं, आणि तुकडा दिवसागणिक मोठा होत जातो.

धुक्यात मात्र घरी बसा. वुडपिजनसोबत स्टॉक डव्ह उडतो. अंगाने लहान, मानेवर पांढरं काही नाही, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. कुणाचं शर्यतीचं कबूतरही असू शकतं. ओळख पटली नाही तर बार काढायचा नाही, आणि मागे काय आहे हे दिसत नसेल तर मुळीच नाही.

फेब्रुवारीत फेझंट या शिकारीच्या पक्ष्याचा हंगाम संपला की संध्याकाळी रानात, पारवे रात्री मुक्कामाला येतात त्या रातथाऱ्यावर, बंदूक घेऊन उभं राहण्याची इथे जुनी रीत आहे. त्यासाठी झाडं हलवणारा वारा हवा. पक्षी फांद्यांना घासत खाली येतात आणि वाऱ्याच्या घोंघाटात शेजारच्या रानातला बार त्यांना ऐकूही जात नाही.

कावळ्याचा हिशेब वेगळा. पितृपंधरवड्यात आई फोनवर ‘तू कावळे मारतोस?’ म्हणून दोन मिनिटं गप्प बसते. पण लँबिंगच्या, म्हणजे मेंढ्या विण्याच्या दिवसांत नुकत्याच जन्मलेल्या कोकराचे डोळे टोचणारा कॅरियन क्रो, म्हणजे इथला काळा कावळा, तिने पाहिलेला नाही. तो पारव्याच्या दसपट हुशार. तोंडावर जाळी, हातात मोजे, आणि मान वर करायची नाही; पांढरा चेहरा काय नि सावळा काय, ओला झाला की चमकतोच. उजाडायच्या आत लपणात बसलेलं असावं. बोचऱ्या वाऱ्यात तोही खालून येतो, पण पहिला बार झाला की पुन्हा तासभर जवळ फिरकत नाही.

बारा बोअरची दुनळी, सहा नंबरचे छर्रे, तीस ग्रॅमच्या आसपासचं काडतूस पुरतं. पस्तीस यार्डांपलीकडे मोह आवरा. वारा पाठीवर घेऊन सुटलेल्या पक्ष्याच्या वाटतं त्याहून बरंच पुढे नळी न्यावी लागते, आणि जखमी झालेला वाऱ्यासोबत दूर जाऊन पडतो. तो शोधल्याशिवाय दुसऱ्यावर नेम धरू नका. चिखलात किंवा बर्फात घसरलात तर बंदूक आधी मोकळी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. तोंडाशी अडकलेल्या चिखलाच्या गोळीनेही नळी फुटते.

घरी आल्यावर ओल्या कव्हरात बंदूक एक तासही ठेवू नका. पुसा, नळीत तेलाचा बोळा फिरवा, नळ्या खाली करून थोडा वेळ उभी ठेवा म्हणजे तेल लाकडात उतरत नाही, मग कपाटात कुलूपबंद. पारव्यांची गळ्यातली पिशवी लगेच फाडून रिकामी करा. आतली हिरवी पानं लवकर आंबतात. छातीचं मांस सुटं करून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुक्कं करावं. फक्त शिजवायच्या आधी प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपा, छर्रा दाताखाली आला तर दंतवैद्याचं बिल काडतुसांपेक्षा महाग पडतं.