आवडता आल्बम का आवडतो, ते कसं शोधायचं

मी चिंचवडला शिवणकाम करते. मशीन चालू असताना गाणं ऐकणं म्हणजे गाण्यावर अन्याय, म्हणून आल्बम लावायचा तो हातशिलाईच्या वेळी. साडीला फॉल लावायला घेतला की एलपीच्या दोन्ही बाजूंएवढा वेळ आरामात निघतो. तुम्हीही असंच एखादं बिनआवाजाचं काम धरा. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. नुसतं हातावर हात ठेवून बसलं की पाच मिनिटांत मोबाइल हातात येतो.

मग शफल आणि ऑटोप्ले, दोन्ही बंद करा. आल्बममधला क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. माझं उदाहरण 'कॉल ऑफ द व्हॅली'चं. एचएमव्हीची १९६७ची ही ध्वनिमुद्रिका. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे आपले जोशीच. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या वेळा धरून मांडलाय. सकाळी अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. देस आधी आणि अहीर भैरव नंतर लागला तर त्या मेंढपाळाचा दिवस उलटाच झाला की! नंतरच्या काही आवृत्त्यांत पहाडीपुढे जादा चिजा जोडल्यात. पहिल्यांदा ऐकताना पहाडी संपली की थांबा.

हा आल्बम भाचीला ऐकवला. म्हणाली, "आत्या, मस्त वाटतं गं. एकदम शांत." म्हटलं, अगं, शांत तर मिक्सर बंद केल्यावरही वाटतं. नेमकं कुठे ते सांग. बहुतेकांची गाडी इथेच अडते. 'शांत', 'भारी', 'मनाला भिडतं' हे शब्द कुठल्याही आल्बमला चालतात, म्हणून त्यांच्यावर थांबायचं नाही.

त्यावर माझा उपाय असा, की दर वेळी एकाच वाद्याच्या मागे जायचं. पहिल्या खेपेला बासरी धरा. ती सोपी आहे, आपोआप कानात शिरते. दुसऱ्या खेपेला संतूर. तारांवर लाकडी कलमांचा, म्हणजे छोट्या काठ्यांचा, आघात होतो, सूर उमटतो आणि लगेच विरायला लागतो. सतारीसारखी तार खेचून मींड घेणं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, या वाद्यात जमत नाही. काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं हे वाद्य रागदारीत आणताना शिवकुमारजींपुढची मोठी अडचण हीच होती. त्यांनी कलम तारांवर हलकंच घासत नेऊन सूर लांबवला. संथ आलापात कान देऊन बसा. आघातांच्या मधे एक बारीक थरथर ऐकू येते, ती या घासण्याचीच.

तिसऱ्या खेपेला गिटार, जिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. काब्रा ती मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवत वाजवायचे, त्यामुळे तिच्यात मींड हवी तेवढी लांब निघते. संतूर थेंब थेंब टाकतं आणि गिटार ते ओढून एका रेषेत आणते. मला हा आल्बम आवडतो तो या देवाणघेवाणीमुळे. एकाला जे जमत नाही ते दुसरा करतो आणि कोणी पुढे पुढे करत नाही. एवढं सापडल्यावर काश्मीर, मेंढपाळ वगैरे माझ्यासाठी दुय्यमच झालं. खरं सांगायचं तर डल लेक मी फक्त कॅलेंडरवर पाहिलाय.

पुढची पायरी म्हणजे तोच राग दुसरीकडे ऐका. इथला भूप झाला की किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा. आधी संथ लयीतलं, म्हणजे विलंबित, 'प्रथम सूर साधे', मग जलद, म्हणजे द्रुत, 'सहेला रे'. सूर तेच पाच, सा रे ग प ध. पण किशोरीताई गंधारावर, म्हणजे 'ग'वर, येऊन थांबल्या की माझी सुई थांबते. तिथे 'शांत' हा शब्द मला तरी लागू वाटत नाही, त्या सुरात मागणं आहे. दोन्ही भूप आवडले तर दोघांची कारणं वेगवेगळी सांगता आली पाहिजेत.

सगळेच आल्बम मात्र इतके खोदायचे नसतात. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' क्रमाने ऐका, एवढंच सांगेन. गाण्याआधी सौमित्र कविता बोलतात, ती वगळून थेट गाण्यावर उडी मारली तर निम्मी मजा जाते. पावसाळ्यात ऐकला तर उत्तम, पण मे महिन्यातही चालतो.

सापडलेलं कारण एका ओळीत लिहून ठेवा. मी मापांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते. काही महिन्यांनी वेगळ्या वेळी तोच आल्बम लावा आणि ती ओळ पटते का बघा. नाही पटली तर खोडा, नवी लिहा. फक्त हा उद्योग गणपतीच्या तोंडावर काढू नका. तेव्हा ब्लाउजांचा ढीग पडलेला असतो आणि मशीन काही बंद होत नाही.