बाळाची कार सीट आणि घरची गाडी: घेण्याआधीची तयारी

गाडी बघायला शोरूममध्ये जाताना मूल, मोजपट्टी आणि पसंत पडलेली कार सीट या तिन्ही गोष्टी सोबत असू द्या. सीट अजून विकत घेतली नसेल तर दुकानातून तासाभरासाठी मागून बघा, काही दुकानदार देतात. हे एवढं ठासून सांगण्याचं कारण म्हणजे आम्ही पहिल्या वेळी नेमकं उलटं केलं. गाडी आधी घेतली, अगदी आवडीने. सीट मागाहून आली. बसवायला गेलो तर गाडीच्या बेल्टचं बकल लांब दांड्याचं निघालं. बेल्ट सीटच्या ज्या खाचेतून वळून जायला हवा तिथेच नेमकं ते बकल आडवं येत होतं, म्हणजे बेल्ट कितीही ओढला तरी ताण बसायचाच नाही. गुडघा सीटवर रोवून, घामाघूम होऊन ओढलं, तरी सीट हाताने हलवली की तळहाताएवढी सरकायची. गाडीही चांगली होती आणि सीटही, पण दोघींचं एकमेकींशी जमत नव्हतं. म्हणून सीट आणि गाडी ही एकच खरेदी समजा आणि यादीही एकच करा.

सुरुवात मुलापासून. वय बाजूला ठेवून वजन आणि उंची मोजा, आणि ती आज मोजा, मागच्या लसीकरणाच्या कार्डावरची धरू नका. सीटच्या मर्यादा या दोन आकड्यांवरच ठरतात. बाळ मुदतीआधी जन्मलेलं किंवा वजनाने फार कमी असेल तर दवाखान्यातून घरी आणण्याआधीच डॉक्टरांशी बोला. अशा बाळांना अर्धवट बसत्या अवस्थेत श्वासाला त्रास होऊ शकतो, आणि सीटमध्ये बसवून ते तपासता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: तोंड कुणीकडे? मागच्या काचेकडे, आणि जितके दिवस जमेल तितके दिवस. याची कारणं बाळाच्या शरीरातच आहेत. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असतं, आणि मानेच्या मणक्यांचे काही भाग अजून कूर्चेचे, म्हणजे मऊ असतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या बाळाचं धड पट्ट्यांनी अडतं, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. पाठ पुढे असली की डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीत रुततात आणि जोर सगळीकडे विभागला जातो. स्वीडनमधले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास अशी पहिली सीट तयार केली. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसत, त्यावरून त्यांना ती कल्पना सुचली होती.

‘पाय मागे टेकतात, अडचण होते’ हे ऐकून सीट वळवू नका. मुलं मांडी घालतात, पाय बेंचच्या पाठीवर वर टाकतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. मापाबाहेर गेल्याची खरी खूण म्हणजे वजनाची किंवा उंचीची मर्यादा ओलांडणं, किंवा डोकं सीटच्या वरच्या कडेला भिडणं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आपल्या शिफारशीतली दोन वर्षांची अट काढून टाकली आणि सीटची मर्यादा येईपर्यंत मागेच तोंड ठेवा असं सांगितलं. म्हणून सीट घेताना मागे तोंड करून जास्तीत जास्त किती वजनापर्यंत वापरता येते, हा आकडा सगळ्यात आधी विचारा. कापडाचा रंग आणि कप ठेवायची जागा त्यानंतर.

मग लेबल. सीटच्या खाली किंवा बाजूला नारिंगी चिकटपट्टी असते. तिच्यावर आर ४४ किंवा आर १२९ असा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा नियमाचा क्रमांक सापडतो. आर ४४ जुना, वजनाच्या गटांवर चालणारा. त्यात ९ किलोनंतर पुढे तोंड चालतं, आणि हे फार लवकर आहे. आर १२९ हा २०१३ पासून आलेला नियम उंचीवर चालतो. त्यात निदान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणीही आहे. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ च्या सीट दुकानात विकता येत नाहीत. तुम्ही कुठेही असा, निवड करता येत असेल तर आर १२९ ची घ्या.

सीट गाडीला कशी जोडणार, हा पुढचा प्रश्न. बेल्टने किंवा आयसोफिक्सने. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या फटीत गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन लोखंडी कड्या, एकमेकींपासून २८ सेंटिमीटर अंतरावर. सीटचे दोन दांडे त्यात खट्‌कन अडकतात आणि बहुतेक सीटवर हिरवी खूण दिसते. सीट पुढे कलंडू नये म्हणून त्याच्या जोडीला वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, किंवा जमिनीवर टेकणारा सपोर्ट लेग लागतो. टॉप टेदर लोक सर्रास विसरतात. तो नसला की डोकं कितीतरी जास्त पुढे जातं. सपोर्ट लेगचा एक धोका आम्ही डोळ्यांनी पाहिला. एका दुकानात विक्रेत्याने मोठ्या आत्मविश्वासाने तो पाय मागच्या जागेतल्या सामानाच्या कप्प्याच्या झाकणावर उभा केला. झाकण पोकळ, बोटाने दाबलं तरी लवत होतं. गाडीत असा कप्पा असेल तर तिथे पाय टेकवायचा की नाही, हे गाडीच्या आणि सीटच्या दोन्ही पुस्तिकांत बघा. आयसोफिक्स बेल्टपेक्षा मुळातच मजबूत असतं असं नाही. नीट ताणलेला बेल्टही तितकाच खात्रीचा. फरक एवढाच की आयसोफिक्समध्ये चूक व्हायची शक्यता कमी.

शोरूममध्ये गाडीजवळ उभं राहिल्यावर मागच्या दाराने सुरुवात करा. दार किती उघडतं? सीट हातात धरून आत वाकता येतं का? आयसोफिक्सच्या कड्या बोटांना सहज सापडतात की गादीच्या पोटात दडल्यात? मधल्या जागेला बहुतेक गाड्यांत त्या नसतात, शिवाय तिथे उंचवटा असतो. मधली जागा बाजूच्या धडकेपासून सगळ्यात लांब हे खरं, पण तिथे सीट घट्ट बसत नसेल तर कडेची जागाच घ्या. मग सीट प्रत्यक्ष बसवा, आणि पुढची सीट तुमच्या नेहमीच्या जागेवर आणून ड्रायव्हरने बसून बघा. मागे तोंड केलेली सीट लांबीला बरीच जागा खाते. उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात हे कळायची वेळ पैसे भरण्याआधीची. तीन मुलं असतील तर तिन्ही सीट एकदम बसवून बघा. कागदावरची रुंदी दाराच्या आतल्या हँडलपाशी आणि बकलपाशी कमी भरते.

बसवलेली सीट तपासायची ती बेल्ट जिथून जातो तिथे धरून. डावीउजवीकडे आणि पुढेमागे हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. वरच्या टोकाला धरलं तर ती हलणारच, त्याने घाबरू नका. नवजात बाळासाठी कल पुस्तिकेत दाखवला तेवढाच हवा. फार उभी झाली तर मान छातीवर पडून श्वास अडतो.

पुढच्या जागेबद्दल बोलायची गरजच नसावी असं वाटतं, तरी लिहितोच. एअरबॅग चालू असताना तिच्यासमोर मागे तोंड केलेली सीट कधीही ठेवायची नाही. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. १३ वर्षांखालच्या सगळ्यांची जागा मागेच.

धडक चाचणीत गाडीला मिळालेले तारे बघा, पण मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे काढून बघा. युरो एनकॅप, ग्लोबल एनकॅप अशा गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या संस्था ते वेगळे देतात, आणि मोठ्यांसाठी चांगली ठरलेली गाडी मुलांच्या बाबतीत मागे पडलेली असू शकते. चाचणी कोणत्या वर्षीची आणि कोणत्या मॉडेलची तेही बघा, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुने पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचे नसतात. त्यानंतर मागच्या तिन्ही जागांना तीन-बिंदू, म्हणजे खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारे बेल्ट आहेत का, मागचा बेल्ट लावला नाही तर इशारा होतो का, घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा आणि आपोआप ब्रेक लागण्याची सोय आहे का, हे विचारा. चाइल्ड लॉक आणि काच वर जाताना अडथळा आला की थांबते का, हे स्वतः करून बघा. तिसरी रांग असेल तर तिथून डिकीचं दार किती जवळ येतं याकडे लक्ष द्या.

जुनी सीट घ्यावी का? सख्ख्या बहिणीची असेल, तिचा सगळा इतिहास माहीत असेल, पुस्तिका आणि सगळे भाग जागेवर असतील आणि मुदत संपली नसेल तर घ्या. मुदत प्लास्टिकवर कोरलेली किंवा छापलेली असते, बहुधा बनवल्यापासून ६ ते १० वर्षं. अनोळखी माणसाकडून घेऊ नका. मोठ्या अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसते, तिच्या आतली चीर दिसत नाही.

सीट घरी आली की रोजची सवय लावून घ्यायची. पट्ट्यांची जागा लक्षात ठेवा: मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा खालून, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा वरून. पट्टा पिळलेला नको. ओढून झाल्यावर गळपट्टीच्या हाडापाशी दोन बोटांनी पट्ट्याची चुणी धरायचा प्रयत्न करा. चुणी हाती आली तर अजून ओढा. जाड जॅकेट आणि दुपटं पट्ट्यांच्या आत कधीच नको. धडकेत त्यातली हवा दबते आणि पट्टे एकदम सैल होतात. थंडी असेल तर आधी पट्टे लावा, मग वरून पांघरूण घाला. आमची मुलगी पट्टे ओढताना रडायची, आणि सैल सोडायचा मोह मला रोज व्हायचा. मांडीवर घेऊन बसण्याचाही व्हायचा. पण ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर १० किलोचं बाळ सुमारे २०० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. ते कुणाच्याही हातात राहत नाही.

मागच्या कट्ट्यावरची छत्री, टॅबलेट, पाण्याची धातूची बाटली, सगळं डिकीत टाका, तेही त्याच हिशेबाने उडतं. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून बाळाला सीटमधून बाहेर काढा आणि सपाट झोपवा. सीट घरात आणून त्यातच झोपू देऊ नका. बंद गाडीत मिनिटभरही मूल सोडू नका, काच खाली केली तरी. उन्हातल्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या १० मिनिटांत साधारण १० अंश सेल्सिअसने चढतं, आणि मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. मी माझी पिशवी आणि डावा बूट मागच्या सीटपाशी ठेवायला लागलो. बूट घेतल्याशिवाय गाडीतून उतरता येत नाही.

बूस्टरची, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट नीट लावता येईल अशा सीटची, वेळ पुष्कळ उशिरा येते. त्यात पाठीचा आधार असलेला घ्या. गाडीचा बेल्ट एकटा पुरेसा होतो तो साधारण १४५ सेंटिमीटर उंचीला. तेव्हा पाठ टेकून बसल्यावर गुडघे काठावर दुमडले पाहिजेत, खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांवर हवा, वरचा खांद्याच्या मधोमध, आणि प्रवासभर असंच बसता आलं पाहिजे.

शेवटचं काम पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी करायचं. आजी, आजोबा, मावशी, जे कुणी मुलाला गाडीतून नेणार असतील त्यांना बोलावून प्रत्येकाला एकदा स्वतःच्या हाताने मूल बसवायला लावा. तुम्ही बाजूला उभे राहा, हात मागे ठेवून. बकलचा आवाज झाल्यावर चुणी त्यांनीच तपासायची. पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि गाडीत नीट बसलेल्या सीटचा आणि हिरव्या खुणेचा एक फोटो सगळ्यांना पाठवा.