वापरलेली हजार लिटरची टाकी आणायला जाण्याआधी

मार्च उजाडला की विहिरींनी तळ गाठलेल्या गावांत जुन्या आयबीसी टाक्यांची, म्हणजे कारखान्यांत द्रव माल भरून येणाऱ्या हजार लिटरच्या टाक्यांची, शोधाशोध सुरू होते. पांढरी प्लॅस्टिकची टाकी, भोवती लोखंडी जाळी, खाली पॅलेट. नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, म्हणून घाई होते, आणि घाईत घेतलेली टाकी पिकाला भोवते.

त्यामुळे पहिलं काम घरीच करा. टाकीत काय भरणार ते ठरवा. माणसांचं किंवा जनावरांचं पिण्याचं पाणी साठवायचं असेल तर जुनीच्या वाटेला जाऊच नका, नवी घ्या. ठिबकसाठी, जीवामृतासाठी (शेण-गोमूत्राच्या द्रव खतासाठी) जुनी चालते, पण तिच्यात आधी काय होतं ते कळलं तरच.

निघताना टॉर्च, मेजर टेप, रबरी हातमोजे, पाच लिटर पाण्याचा कॅन आणि एक स्वच्छ पांढरं फडकं सोबत ठेवा. लेबल आधी वाचा. ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, खाद्यतेल असेल तर पुढे बोला. कीटकनाशक, तणनाशक, आम्ल, सॉल्व्हेंट दिसलं किंवा लेबल खरवडून काढलेलं असलं, तर तिथूनच मागे फिरा. ‘धुतलीय साहेब, काही होत नाही’ यावर विसंबू नका. हे प्लॅस्टिक काही रसायनं अंगात शोषून घेतं आणि महिनोन्‌महिने पाण्यात सोडत राहतं. मी एकदा लेबल नसलेली टाकी घेतली होती. चार वेळा धुतली तरी पाण्यावर फेस यायचाच. ते पाणी रोपांना घालायची हिंमत झाली नाही. टाकी शेवटी बांधकामावर पाणी मारायला दिली.

झाकण उघडल्यावर तोंड लगेच आत घालू नका. थोडं थांबा, मग हाताने वारा घेत लांबूनच वास घ्या. कॅनमधलं पाणी ओतून तळ खळबळा. हातमोजे घालून खालचा व्हॉल्व्ह उघडा, पाणी जाऊ द्या आणि फडकं बोटाला गुंडाळून व्हॉल्व्हच्या तोंडात फिरवा. वरून लख्ख दिसणाऱ्या टाकीतला चिकट तपकिरी थर तिथेच सापडतो, कारण धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही.

मग वय बघा. जाळीवरच्या पत्र्यावर ३१एचए१ (31HA1) अशा खुणेपुढे महिना आणि वर्ष असतं, पण जाळी जुनी ठेवून आतली टाकी बदललेली असू शकते. म्हणून प्लॅस्टिकवरच उठवलेली घड्याळासारखी गोल तारीख शोधा. उन्हात पिवळी पडलेली, अंगठ्याने दाबल्यावर करकरणारी टाकी नको. व्हॉल्व्हचे आटे जाड असतात, आपल्या दोन इंची पाइपाला थेट बसत नाहीत, तेव्हा अडॅप्टर तिथेच मागून घ्या.

टाकीचं माप साधारण १.२ मीटर बाय १ मीटर, उंची १.१६ मीटर. छोटा हत्ती बोलावण्याआधी त्याचा हौदा मोजा. रिकामी टाकी साठेक किलोची असते, म्हणून उतरवायला दोघं तरी हवेत. भरली की टनाच्या वर जाते. विटांच्या सुट्या खांबांवर ठेवू नका. जागा सपाट करून, मुरूम ठोकून वर काँक्रीट ओता आणि ते पक्कं होऊ द्या. मीटरभर उंच चढवली म्हणून ठिबक चालेल असं मात्र धरू नका. एका मीटर उंचीला दाब मिळतो ०.१ बार, आणि नेहमीच्या ठिबकला सुमारे १ बार लागतो. मोटर लागणारच.

जीवामृताला २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन असा हिशेब धरतात. टाकीत ते करणार असाल तर झाकण सैल ठेवा, कारण आत वायू होतो. सोडण्याआधी कापडातून गाळा, नाहीतर शेणाच्या काड्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

पांढऱ्या टाकीत ऊन शिरतं आणि आठवड्याभरात शेवाळ धरतं. काळं कापड किंवा शेडनेटचे दोन थर आधीच आणून ठेवा, टाकी उतरली की त्याच दिवशी गुंडाळा.