ठाणे-नवी मुंबईत ऑनलाइन धंद्यासाठी छोटं गोडाऊन कसं लावायचं

हॉलमधे खोकी, बेडखाली खोकी आणि सोसायटीचा सेक्रेटरी लिफ्टमधे भेटला की "धंदा जोरात दिसतोय" म्हणायला लागला की समजायचं, आता बाहेर जागा घ्यायला हवी. गोडाऊन म्हटलं की ठाणेकराला आधी भिवंडी आठवते, राहनाळ, पूर्णा, मानकोलीकडे भाडं परवडतंही, पण दिवसाला तीस-चाळीस ऑर्डर असतील आणि पॅकिंग घरचीच माणसं करणार असतील तर रोज कशेळीच्या ट्रॅफिकमधे अडकण्यात ती बचत निघून जाते. त्यापेक्षा वागळे इस्टेट, किंवा खाडीपलीकडे राहत असाल तर रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यात दोन-तीनशे स्क्वेअर फुटांचा गाळा बघा. ट्रक भरून माल यायला लागला की जाऊ भिवंडीला.

गाळा शक्यतो पावसाळ्यात बघा. ते जमत नसेल तर भिंतीला खालून पोपडे आलेत का, पत्र्याखाली गंजाचे ओघळ आहेत का ते बघा आणि पाणी कुठपर्यंत येतं हे शेजारच्या गाळेवाल्याला विचारा, दलालाला नको, तो काय "इथे पाणी? कधीच नाही" म्हणणार. टेम्पो दारापर्यंत येतो का तेही बघा, नाहीतर प्रत्येक खेपेला हमाली वेगळी. लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून घ्या, मालकाकडून लाइट बिल आणि एनओसी घ्या, कारण जीएसटीत ही जागा अ‍ॅडिशनल प्लेस ऑफ बिझनेस, म्हणजे धंद्याची जादा जागा म्हणून टाकायला लागते.

रॅक साधे नट-बोल्टवाले लोखंडी अँगलचेच घ्या, कप्पे वरखाली करता येतात. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा म्हणजे ओल मालाला लागत नाही, खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर, मधे माणूस खोकं घेऊन आरामात फिरेल एवढी वाट, अडीच-तीन फूट तरी.

आता खरं काम. कुठली वस्तू कुठे आहे हे तुमच्या डोक्यात असून उपयोग नाही, ते रॅकवर लिहिलेलं पाहिजे, कारण तुम्ही गावी गेलात की फोनवर फोन येणार, "दादा, निळी बाटली कुठेय?" चाळीत खोल्यांना नंबर असतात तसे प्रत्येक खणाला द्या. रॅक ब, खालून दुसरा कप्पा, डावीकडून चौथा खण, म्हणजे ब-२-४, आणि हाच नंबर एक्सेल शीटमधे त्या एसकेयूसमोर, म्हणजे प्रत्येक वस्तूला, साइज-रंगासकट, तुम्ही दिलेल्या कोडसमोर. नवीन पोऱ्यासुद्धा पहिल्याच दिवशी माल काढू शकतो. आणि बरेच जण इथेच घोळ घालतात, सारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारीशेजारी लावतात, काळा टी-शर्ट लार्ज आणि त्याच्या बाजूलाच एक्स्ट्रा लार्ज. दिसायला छान, पण घाईत हमखास चुकीचा जातो, म्हणून मधे दुसरंच काहीतरी ठेवा. रोज जाणारा माल कमरेच्या उंचीवर आणि पॅकिंग टेबलाजवळ, जड खाली, हलका पण मोठा वर. एक्सपायरी असेल तर नवीन माल मागे सरकवा, जुना पुढे.

पॅकिंग टेबल उभं राहून काम करता येईल असं, साधारण तीन फूट उंच. खोक्यांचे तीन-चारच साइज ठेवा पण नीट मापून निवडा, कारण बहुतेक कुरियर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमधे धरून ५००० ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असले तर पैसे त्याचेच लावतात. म्हणजे ८०० ग्रॅमची वस्तू ३० बाय ३० बाय २० च्या खोक्यात टाकली तर पैसे ३.६ किलोचे. टेबलाच्या वर एक कॅमेरा लावा, "खोकं रिकामं आलं" म्हणणारे कस्टमर भेटतातच.

रिटर्नसाठी वेगळा कोपरा, उघडून बघितल्याशिवाय काहीही परत रॅकवर जाता कामा नये. स्टॉक मोजायला दिवाळीची वाट बघू नका, रोज चार-पाच खण मोजा, पंधरा मिनिटांत होतं. पावसाळ्यात कपडे, कागद, चामडं असल्या मालात सिलिका जेलच्या पुड्या टाका, एक्झॉस्ट चालू ठेवा. आग विझवायचा सिलिंडर दाराजवळ, खोक्यांच्या मागे नाही. लेबलचे थर्मल रोल उन्हात ठेवले तर काळे पडतात, तेही सावलीत. आणि संध्याकाळी पिकअपवाला आला की कितीही घाईत असला तरी पार्सलं मोजून, स्कॅन करून, मॅनिफेस्टवर, म्हणजे त्या दिवशी दिलेल्या पार्सलांच्या यादीवर, सही घेऊनच सोडा, पार्सल हरवलं तर क्लेमला तोच कागद लागतो.