दुकानाच्या काचेवर रंगवताय? आधी पुसायचं ठरवा

पैसे घेऊन केलेलं माझं पहिलं काम म्हणजे मालवणातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानाची काच. चतुर्थीला चार दिवस होते. मालकांनी एकच विचारलं, "रंग नंतर जातलो मां?" पोस्टर कलर होता, जाणारच होता. मी बिनधास्त हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर गणपतीची सोंड पायरीपर्यंत ओघळलेली. रात्री पाऊस नव्हता, वर पत्रा होता, म्हणजे झडही लागली नव्हती. घोळ एसीचा होता. आतून गार झालेली काच आणि बाहेर भादव्याची दमट हवा. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा काचेला बाहेरून घाम सुटला. पोस्टर कलरमधला डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून तो पुसता येतो आणि म्हणूनच वाहतोही.

पुढच्या कामाला मी हट्टाने ॲक्रिलिक वापरलं. ते सुकलं की प्लास्टिकचा पापुद्रा होतो, पाण्याला दाद देत नाही. चित्र महिनाभर टिकलं, पण काढताना अर्धा दिवस गेला, कारण थर पातळ दिला होता. पातळ थर कणाकणाने खरवडावा लागतो. जाड दिला असता तर कोमट साबणपाण्याने भिजवल्यावर बरेचदा पट्ट्याच निघतात. ऑइल पेंटच्या वाटेला जाऊच नका, पुढे थिनर आणि मालकाची बोलणी दोन्ही आहेत.

आता माझा हिशेब सरळ आहे. आठवडाभराचं काम आणि आतली बाजू मिळत असेल, तर पोस्टर कलर. चमचाभर घट्ट रंगात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकते. रंग काचेवर गोळा होत नाही, पुसतानाही सोपं जातं. बाहेरून आणि पावसाळ्यात करायचं असेल तर ॲक्रिलिक, पण काढायची मजुरी आधीच वेगळी सांगून. नवखे ही मजुरी मागायला लाजतात. मीही लाजले होते. दर आणि ऑफर लिहायला चॉक मार्कर उत्तम, फक्त काचेच्या कडेचं सिलिकॉन दोन बोटं सोडून लिहा. त्यात लाल-काळा रंग मुरला की डाग राहतो.

किनाऱ्यावर काच दिसायला स्वच्छ असली तरी खाऱ्या वाऱ्याचा थर असतोच, आणि मीठ ओल ओढतं. आधी गोड्या पाण्याने, मग स्पिरिटच्या फडक्याने पुसा. कोपऱ्यात रुपयाएवढा ठिपका देऊन दुसऱ्या दिवशी तो पुसून बघा. काचेला आतून सन फिल्म लावलेली असेल तर तिच्यावर ब्लेड नको, अमोनियावालं क्लीनरही नको. टफन्ड काचेवरसुद्धा मी प्लास्टिकचा स्क्रेपरच वापरते. साध्या काचेवर ब्लेड चालतं, पण काच ओली, ब्लेड नवं आणि हात एकाच दिशेने.

आतून रंगवायचं तर सगळा क्रम उलटा होतो. आधी बाह्यरेषा आणि चकाकीचे ठिपके, मग भरणी, शेवटी मागून पांढरा. अक्षरंही उलटी काढावी लागतात. त्यासाठी ट्रेसिंग पेपरवर सुलट लिहून तो काचेला बाहेरून चिकटवायचा आणि आतून गिरवायचं.

ही युक्ती मला पुढच्या चतुर्थीला कळली. त्याच आइस्क्रीमवाल्यांनी परत बोलावलं होतं. या खेपेला काम आतून, रंग कोरडा, अक्षरं जपून उलटी काढलेली. मालक रस्त्यावर जाऊन उभे राहिले, कौतुकाने बघितलं, आणि मग विचारलं, "हो उजव्या सोंडेचो कित्याक?" अक्षरं उलटी काढायच्या नादात बाप्पाला मात्र मी नेहमीसारखाच काढला होता. उजव्या सोंडेचं सोवळं आइस्क्रीमच्या दुकानात कोण सांभाळणार? सुदैवाने पोस्टर कलर होता. ओल्या फडक्याने सोंड पुसली आणि डावीकडे वळवली.